भरपाई क्लबला, भुर्दंड खेळाडूला

मार्च उजाडला की आमच्या जेवणाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही येऊन बसते. वही मुलाची. वय पंधरा, जन्म इथलाच, बाल्टिमोरजवळचा, आणि रेव्हन्स या इथल्या फुटबॉल टीमवर जीव. डाव्या पानावर त्याने लिहिलेलं असतं ‘गेले’ आणि उजव्या पानावर ‘आले’. करार संपून दुसऱ्या टीमकडे गेलेला खेळाडू डावीकडे, बाहेरून घेतलेला उजवीकडे, प्रत्येकाच्या नावापुढे वर्षाचा पगार. मग पट्टी ठेवून डावीकडचं एक आणि उजवीकडचं एक अशी नावांची जोडी तो खोडत जातो. सगळ्या जोड्या खोडून झाल्यावर डावीकडे जी नावं उरतात, त्यांवर लाल पेनाने गोल.

गेल्या मार्चमध्ये एका रात्री वही मिटताना तो म्हणाला, “बाबा, आज आपण कुणाला घेतलं नाही. बरं झालं.”

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आपल्या टीमने एक चांगला खेळाडू घ्यायचं टाळलं म्हणून टीमवर जीव टाकणारं पोर खूश होतं. हिशोब त्याचा बरोबर होता आणि नियमही त्याला नीट कळला होता. म्हणून तर मला वाटतं की चूक त्याच्या हिशोबात नाही, नियमात आहे. हा लेख त्या नियमाबद्दल आहे.

इथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळण्याचा, अंगावर झेप घेऊन पाडण्याचा अमेरिकी खेळ. एनएफएल या लीगमध्ये ३२ क्लब आहेत. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी दर वर्षी एप्रिलच्या सुमारास ड्राफ्टने होते. सात फेऱ्या असतात. मागच्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याचा पहिला नंबर, जो जिंकला त्याचा शेवटचा. खेळाडूला क्लब निवडता येत नाही. ज्याने नाव पुकारलं तिथे चार वर्षं खेळायचं, आणि लीग व खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारापासून पगारही त्या नंबराप्रमाणे जवळजवळ ठरलेला. चार वर्षं भरली, करार संपला की तो फ्री एजंट होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठे खेळायचं हे त्याच्या हातात येतं.

तो गेला की जुन्या क्लबला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एक जादा पिक, म्हणजे खेळाडू निवडण्याची एक जादा पाळी, मिळू शकतो. याला म्हणतात कॉम्पेन्सेटरी पिक, भरपाईचा पिक. असे पिक तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जोडले जातात. सगळ्या लीगमध्ये मिळून ३२ आणि एका क्लबला फार तर ४. किती वरचा पिक मिळणार ते तीन गोष्टींवर ठरतं: खेळाडूला नव्या करारात वर्षाला सरासरी किती पगार मिळाला, तो मैदानावर किती उतरला आणि हंगामाअखेर त्याला काही मानसन्मान मिळाले का. यात वजन पगाराचं. क्लबने स्वतःहून काढून टाकलेल्या खेळाडूबद्दल काही मिळत नाही, आणि अगदी किमान पगारावर गेलेल्याबद्दलही नाही.

इथवर नियम कुणालाही पटेल. मेख पुढे आहे. भरपाई मिळते ती वजाबाकीनंतर. तुमचा एक खेळाडू गेला आणि त्याच तोलामोलाचा एक तुम्ही बाहेरून आणला, तर दोघं एकमेकांना खोडतात आणि हाती काही उरत नाही. मुलाची पट्टी तेच करते. म्हणजे बाहेरून खेळाडू घेताना क्लब त्याचा पगार तर मोजतोच, वर पुढच्या वर्षीचा एक पिकही घालवून बसतो. आणि ही मोजणी एका ठरावीक दिवशी थांबते. ड्राफ्टनंतरच्या सोमवारी दुपारचे चार वाजले की त्यानंतर घेतलेला खेळाडू वजाबाकीत धरत नाहीत.

हे पिक म्हणजे उरलासुरला माल असं कुणाला वाटेल, तर तीन नावं सांगतो. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने सहाव्या फेरीत १९९ व्या नंबरवर एक क्वार्टरबॅक, म्हणजे टीमची चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू घेतला. तो पिक भरपाईचा होता आणि तो पोरगा टॉम ब्रेडी. पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. २०१५ च्या वसंतात डलास काउबॉइज सोडून गेलेल्यांत डीमार्को मरे होता, आदल्या हंगामात १,८४५ यार्ड धावून सगळ्या लीगमध्ये पहिला आलेला. तो गेला ईगल्सकडे, म्हणजे हाडवैऱ्याकडे. पुढच्या वर्षी डलासच्या वाट्याला भरपाईचे चार पिक आले आणि त्यांतल्या चौथ्या फेरीतल्या १३५ व्या नंबरवर त्यांनी डॅक प्रेस्कॉट उचलला. आणि २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा पिक, तोही भरपाईचाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी त्यावर ब्रॉक पर्डी घेतला. दोन वर्षांत तो त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांचा साडेसव्वीस कोटी डॉलरचा करार केला.

म्हणून क्लब या पिकांसाठी जीव टाकतात, आणि त्यांनी टाकावा. १९९४ पासून असे सर्वांत जास्त पिक कमावले ते आमच्याच बाल्टिमोरने. १९९६ ते २०१८ क्लबचा कारभार ओझी न्यूसम यांच्या हाती होता. त्यांनी हे शास्त्रच करून टाकलं: ड्राफ्टमध्ये नीट पारखून घ्या, चार वर्षं घडवा, महाग झाला की जाऊ द्या, बदल्यात पिक घ्या, त्यावर पुन्हा नवा घडवा. बाहेरून अनुभवी माणूस हवाच असेल तर एक तर दुसऱ्याने काढून टाकलेला घ्या, नाही तर तो सोमवार उलटेपर्यंत थांबा. नियम जसा होता तसा ते खेळले आणि उत्तम खेळले. त्यांना दोष द्यावा असं त्यात मला काही दिसत नाही.

पण त्या थांबण्यात एक माणूस असतो, त्याच्याकडे बघू. समजा, एक गार्ड आहे, म्हणजे पुढच्या ओळीत उभं राहून क्वार्टरबॅकला वाचवणारा खेळाडू. वय एकोणतीस, सहा हंगाम झालेले, गुडघ्याचं एक ऑपरेशन. मोठा तारा नव्हे, पण कुठल्याही टीमच्या ओळीत उभा राहील असा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाजार उघडतो. पहिल्या दोन दिवसांत ताऱ्यांचे करार होतात. ताऱ्याला या नियमाचा फटका बसत नाही, कारण दर्जेदार क्वार्टरबॅकपुढे एखाद्या पिकाचा विचार कुणी करत नाही. खालच्या थरातल्या, किमान पगाराच्या खेळाडूलाही बसत नाही, कारण तो मोजलाच जात नाही. फटका बसतो तो मधल्याला. त्याच्या एजंटला फोनवर सांगतात, आम्हाला तो आवडतो, पण आत्ता नको, मेमध्ये बोलू. मेपर्यंत ड्राफ्ट झालेला असतो. त्याची जागा बावीस वर्षांच्या, त्याच्या निम्म्याहून कमी पगाराच्या पोराने भरलेली असते, आणि क्लबांच्या गाठीचे पैसेही संपत आलेले असतात. मग जे मिळेल ते एका वर्षाच्या बोलीवर. गुडघ्याला आणखी एक वर्ष लागलेलं असतं ते वेगळंच.

या सगळ्यात खेळाडूने काय चूक केली? त्याने करार पुरा केला. मी हे वारंवार स्वतःला विचारतो, कारण यातला एक धागा माझ्या ओळखीचा आहे. २००४ साली पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा दोन वर्षांचा बॉण्ड लिहून दिला होता, एक लाखाचा. मूळ गुणपत्रिका आणि डिग्री कंपनीच्या कपाटात ठेवून घेतल्या होत्या. चौदाव्या महिन्यात दुसरीकडून बोलावणं आलं. तिथले लोक म्हणाले, तुम्ही हवे आहात, पण बॉण्डचं तुमचं तुम्ही बघा. वडिलांनी पोस्टातली मुदत ठेव मोडली. चेक वटल्यावर मला एक खाकी पाकीट परत मिळालं, त्यावर पेन्सिलीने माझा एम्प्लॉयी नंबर लिहिलेला. गुणपत्रिकेच्या कोपऱ्याला स्टेपलरची दोन भोकं पडली होती. अजून आहेत.

आता, मी मुदत भरायच्या आत निघालो होतो. शिकवण्याचा खर्च मागण्याचा त्या कंपनीचा हक्क होता असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी मी भांडणार नाही. पण फ्री एजंटाने तर पूर्ण मुदत भरलेली असते. त्याची बाकी शून्य असते. तरी तो जिथे जाईल तिथे त्याच्या नावाने काहीतरी वजा होतं.

हा विचार या लीगमध्ये आला कुठून, ते पाहिलं की गोष्ट उलगडते, आणि ती गोष्टही बाल्टिमोरचीच आहे. १९६२ मध्ये आर. सी. ओवेन्स हा खेळाडू फोर्टीनाइनर्सकडची आपली मुदत संपवून बाल्टिमोर कोल्ट्सकडे आला. क्लबमालक हादरले. पुढच्याच वर्षी लीगचे प्रमुख, कमिशनर पीट रोझेल यांच्या नावाने नियम आला: मुदत संपलेला खेळाडू कुणी घेतला, तर जुन्या क्लबला त्याने भरपाई द्यायची. आपसात जमलं नाही तर काय द्यायचं ते कमिशनर ठरवणार, आणि ते सौदा झाल्यावर. डेव्ह पार्क्सला न्यू ऑर्लिन्स सेंट्सने १९६८ मध्ये घेतलं, तेव्हा रोझेल यांनी सेंट्सचा त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला खेळाडू आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक, दोन्ही काढून फोर्टीनाइनर्सना दिले. त्यानंतर कोण पुढे येणार? १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडूंनी आपली मुदत संपवली, आणि त्यांतल्या फक्त ३४ जणांना दुसरा क्लब मिळाला.

हे आकडे कोर्टात मांडले गेले ते जॉन मॅकीच्या खटल्यात. मॅकी बाल्टिमोर कोल्ट्सचा टाइट एंड, ८८ नंबरचा, १९७० मध्ये खेळाडू संघटनेचा अध्यक्ष झालेला. रोझेलचा नियम खेळाडूंच्या रोजगाराचा गळा दाबतो, हे त्याचं म्हणणं १९७५ मध्ये कोर्टाने मान्य केलं आणि १९७६ च्या अपिलातही ते टिकलं. उतारवयात मॅकीला स्मृतिभ्रंश झाला. अशा खेळाडूंच्या देखभालीसाठी लीग आणि संघटनेने २००७ मध्ये योजना काढली, तिला त्याच्या नंबरावरून ‘८८ प्लॅन’ म्हणतात, आणि मदतीची मर्यादाही वर्षाला ८८,००० डॉलर ठेवली. मॅकी २०११ मध्ये गेला. या खेळात शरीर किती लवकर आणि किती कायमचं खर्ची पडतं, हे त्या एका आकड्यात मावलं आहे.

कोर्ट जिंकूनही खेळाडूंना खरं स्वातंत्र्य मिळायला १९९३ उजाडावं लागलं. आधी १९९२ मध्ये लीगविरुद्धच्या खटल्यात फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या बाजूने ज्यूरीचा निकाल लागला. मग रेजी व्हाइटच्या नावाचा दावा उभा राहिला, आणि त्यातून तडजोड झाली. व्हाइट स्वतः त्या वसंतात ग्रीन बे पॅकर्सकडे गेला, चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर. देवाणघेवाणीत मालकांनी सॅलरी कॅप मिळवला, म्हणजे प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा. आणि सोबत भरपाईचे पिक आले, १९९४ च्या ड्राफ्टपासून.

रोझेलच्या नियमापेक्षा हा नियम पुष्कळ चांगला आहे, हे मान्य केलंच पाहिजे. भरपाई आता नव्या क्लबच्या खिशातून ओरबाडून काढत नाहीत, ती सगळ्यांच्या सामायिक राशीतून येते. कमिशनरच्या मर्जीऐवजी सूत्र आहे. पण वजाबाकीचं कलम ठेवून जुना विचार मागच्या दाराने आत राहिलाच. खेळाडू घेणाऱ्याने काहीतरी गमावलं पाहिजे, हाच तो विचार. रोझेलच्या काळात तो हातोडा होता, आता सुई आहे. सुई टोचते ती ज्याच्याकडे सौदा करायला सगळ्यांत कमी बळ आहे त्याला.

नियमाच्या बाजूने सर्वांत जास्त बोललं जातं ते समतोलाबद्दल. छोट्या गावाच्या क्लबने पोरं घडवायची आणि मोठ्या शहराने पैसे फेकून न्यायची, हे थांबवायला भरपाई हवी, असं म्हणतात. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव, क्लब गावकऱ्यांच्या आणि चाहत्यांच्या शेअरवर चालणारा. अशा क्लबबद्दल मलाही ओढ आहे. पण मोठ्या शहराला पैसे फेकता येतात कुठे? कॅप सगळ्यांना सारखाच. १९९४ मध्ये तो ३ कोटी ४६ लाख डॉलर होता, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. टीव्हीचा पैसाही सगळे क्लब सारखा वाटून घेतात. न्यूयॉर्क आणि ग्रीन बे एकाच थाळीत जेवतात. समतोलाचं काम कॅप करतो, भरपाईचा पिक नाही.

उलट भरपाई समतोलाच्या विरुद्ध जाते. ड्राफ्टचा मूळ हेतू पडलेल्याला हात देण्याचा. भरपाई मात्र त्याला मिळते ज्याच्याकडे दुसऱ्यांना हवेसे वाटणारे खेळाडू भरपूर आहेत, म्हणजे ज्याचं आधीच बरं चाललंय. आणि ज्याचं घर रिकामं आहे, त्याला बाहेरून माणसं आणावीच लागतात, त्यामुळे वजाबाकीत त्याच्या हाती धुपाटणं येतं. वर चौथ्या-पाचव्या फेरीतला त्याचा नंबर आधीच्या फेऱ्यांत घुसलेल्या भरपाईच्या पिकांमुळे खाली सरकतो. दहा सामने हरलेल्याने घर सावरायला माणसं आणली म्हणून त्याने आणखी मागे उभं राहायचं, हे मला कुठल्याच हिशोबाने न्याय्य वाटत नाही.

दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे आणि ते मला पटतं. घडवणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे. शिवाजी पार्कवर भर उन्हात नेटमागे उभं राहून पोरांचा फुटवर्क सुधारणाऱ्या माणसांच्या गावातून आपण आलो आहोत. घडवण्याला मोल असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आजचा नियम घडवण्याचं मोल देतो का? नाही. तो देतो शेवटच्या पगारपत्रकाचं.

चेज यंगचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये वॉशिंग्टनने त्याला दुसऱ्या नंबरवर घेतलं. गुडघा फाटला तो तिथेच, उभा राहिला तोही तिथेच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तो फोर्टीनाइनर्सकडे गेला, जेमतेम अर्ध्या हंगामासाठी. मार्च २०२४ मध्ये करार संपून तो न्यू ऑर्लिन्सला निघाला. भरपाईच्या वहीत त्याचं नाव ‘गेले’ या पानावर कुणाच्या खात्यात चढलं? फोर्टीनाइनर्सच्या. साडेतीन वर्षं सांभाळलेल्या क्लबचं त्या पानावर नावही नाही. वॉशिंग्टनला सौद्यात तिसऱ्या फेरीचा एक पिक मिळाला, हे खरं. तो पिक कुठून आला होता ते मात्र सांगण्यासारखं आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये लीगने एक वेगळी भरपाई सुरू केली. मैदानावर बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, पण मुख्य प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजरच्या खुर्च्यांवर तसे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून ठरलं, की अल्पसंख्याक समाजातला तुमचा प्रशिक्षक किंवा अधिकारी दुसऱ्या क्लबने मुख्य प्रशिक्षक वा जनरल मॅनेजर म्हणून नेला, तर तुम्हाला सलग दोन वर्षं तिसऱ्या फेरीअखेर एकेक जादा पिक. अट एकच महत्त्वाची: तो माणूस तुमच्याकडे किमान दोन वर्षं असला पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये फोर्टीनाइनर्सचे दोघे एकदम गेले, डीमेको रायन्स ह्यूस्टनला मुख्य प्रशिक्षक म्हणून आणि रॅन कार्थन टेनेसीला जनरल मॅनेजर म्हणून. त्यांच्यामुळे आलेल्या पिकांपैकीच एक चेज यंगसाठी वॉशिंग्टनला गेला.

हा नियम मला मनापासून आवडतो, आणि त्यामागचा सामाजिक हेतू हे त्याचं एकच कारण नाही. भरपाई कशी असावी हे त्यात नीट दिसतं. माणूस तुमच्याकडे काही काळ वाढला याची खात्री केली जाते. त्याला नेणाऱ्या क्लबचं काही कापलं जात नाही. वजाबाकीचा तर प्रश्नच नाही. रायन्सला घेताना ह्यूस्टनला क्षणभरही विचार करावा लागला नाही, की याला घेतलं तर आपला पिक जाईल. प्रशिक्षकाला लीगने जी मोकळीक दिली, ती त्याच मैदानावर गुडघे झिजवणाऱ्या गार्डला देता येत नाही असं कसं म्हणायचं?

जगभरच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच धसास लागला. ज्याँ-मार्क बोसमान या बेल्जियन खेळाडूचा लिएजच्या क्लबशी करार १९९० मध्ये संपला. त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं. करार संपलेला असूनही जुना क्लब त्याच्यासाठी पैसे मागत राहिला आणि त्याचं जाणं फिस्कटलं. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागता येणार नाहीत. बोसमानची स्वतःची कारकीर्द तोवर संपली होती. पुढे फिफाने घडवणाऱ्यांसाठी वेगळी सोय केली. करार चालू असताना खेळाडूचा सौदा झाला, तर रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांत वाढला त्यांना वाटले जातात. त्यात गल्लीतला छोटा क्लबही येतो. एनएफएलमध्ये खेळाडूला खरं घडवतात शाळा आणि कॉलेजं, आणि त्यांच्या वाट्याला या भरपाईतलं काहीच येत नाही. घडवण्याच्या नावावर मागितलेलं दान शेवटच्या घराच्या झोळीत पडतं.

आपल्याकडेही ही कुरकुर ऐकू येतेच. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळू लागला, पृथ्वी शॉ २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे आला, यशस्वी जयस्वालने त्याच वर्षी गोव्याला जायला परवानगी मागितली आणि मग बेत बदलला. तिघांनाही मुंबईकडून लागत होतं ते ‘ना हरकत प्रमाणपत्र’. प्रौढ माणसाने कुठे खेळावं याबद्दल कुणाची ‘हरकत’ असू शकते, हेच त्या कागदात गृहीत धरलेलं असतं. वळण तेच.

आणि क्लब जातो तेव्हा? बाल्टिमोरमधल्या साठीपुढच्या कुणाशीही बोला, २८ मार्च १९८४ ची रात्र निघाल्याशिवाय राहत नाही. त्या रात्री मालवाहू ट्रक आले, कोल्ट्सचं सामान भरलं आणि पहाटेपर्यंत क्लब इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. ओवेन्सचा आणि मॅकीचा क्लब. बारा वर्षं या शहरात मोठी फुटबॉल टीम नव्हती. शहराला पुढच्या ड्राफ्टमध्ये पिक द्यावा असं तेव्हा कुणाला सुचलं नाही. १९९६ मध्ये क्लीव्हलंडचा क्लब इथे आला आणि रेव्हन्स झाला, तेव्हा रडण्याची पाळी क्लीव्हलंडची होती. मालकाने उठून जावं तो त्याचा हक्क, आणि खेळाडूने मुदत भरून जावं तर त्याची नुकसानभरपाई. हे मला बोचतं. माझ्या शेजाऱ्यांनाही बोचतं. त्यांच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर कोल्ट्सची निळ्या नालाची टोपी अजून जपून ठेवलेली आहे.

मग करायचं काय? पिक काढून टाका असं मी म्हणत नाही. एक, वजाबाकी बंद करावी. कुणाला घेतलं याचा कोण गेलं याच्याशी संबंध ठेवू नये. यावर लगेच म्हणतात की मग क्लब नवे खेळाडूही घेईल आणि वर भरपाईही घेईल. घेऊ दे की. नव्या खेळाडूचे पैसे तो कॅपमधून मोजतोच आहे. एकूण पिक ३२ च राहणार आहेत, त्यामुळे खिरापत वाढणार नाही, फक्त वाटणीचा क्रम बदलेल. दोन, भरपाई त्याच खेळाडूबद्दल द्यावी ज्याला क्लबने स्वतः ड्राफ्ट केलं किंवा कॉलेजातून थेट आणलं आणि निदान तीन हंगाम ठेवलं. म्हणजे ग्रीन बेला, बाल्टिमोरला त्यांच्या मेहनतीचं मिळत राहील, आणि अर्ध्या हंगामापुरता आणलेल्याच्या नावावर कुणाला पिक उकळता येणार नाही. तीन, प्रत्येक खेळाडूमागे किती गुण धरले ते लीगने उघड छापावं. आज कुणाला कितवा पिक मिळाला याची यादी निघते, पण कुठल्या नावापुढे काय आकडा पडला ते उलगडून सांगत नाहीत. माझ्या पोराला वही घालून अंदाज बांधावा लागतो, तसा तो एजंटलाही बांधावा लागतो. ज्या सूत्राने माणसाची मजुरी हलते ते सूत्र त्या माणसाला दिसलं पाहिजे.

यात खेळाडू संघटनेचीही जबाबदारी आहे, आणि इथे मी त्यांना मोकळं सोडणार नाही. १९९३ पासूनच्या प्रत्येक करारावर त्यांची सही आहे. २०२० चा करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी पास झाला, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना तो नको होता. संघटना स्वतः सांगते की खेळाडूची सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास असते. फ्री एजंट व्हायला चार हंगाम लागतात. म्हणजे बहुतेकांच्या नशिबी तो मार्च येतच नाही. ज्या थोड्यांच्या येतो, त्यांच्यातल्या मधल्या फळीसाठी तरी दार पूर्ण उघडा. ताऱ्यांचे एजंट हे भांडणार नाहीत, कारण त्यांचं काही अडत नाही. सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. बोलणी त्याच्या आधीच सुरू होतील, आणि वजाबाकीचं कलम त्या टेबलावर पहिल्या दिवशी आलं पाहिजे.

ड्राफ्टनंतरच्या त्या सोमवारी मुलगा शाळेतून आला, घड्याळात चार वाजून गेल्याची खात्री केली आणि वहीत एक आडवी रेघ मारली. हिशोब बंद. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी जेवताना त्याने फोनवर वाचून दाखवलं, कुठल्याशा क्लबने एका गार्डला एका वर्षासाठी घेतलंय. सहा हंगामांचा अनुभव, मार्चपासून घरी बसलेला. “चांगला आहे रे हा,” तो म्हणाला. मी विचारलं, मग वहीत लिहीत का नाहीस? तो म्हणाला, “रेघेच्या खालचे मोजत नाहीत, बाबा.” मी त्याला म्हटलं, तरी लिही. त्याने जरा विचार केला, पेन उचललं आणि रेघेच्या खाली, दोन्ही पानांच्या मधोमध, शिवणीवर ते नाव लिहिलं.